ई.पी. यांचं प्रकरण: मेंदूज्वर झाल्यावर काय विसरतं, काय शिकता येतं

वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचा उल्लेख फक्त ई.पी. असा येतो, इथेही तसाच करू. जन्म १९२२ चा. बालपण आणि तरुणपण कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला हेवर्ड आणि कॅस्ट्रो व्हॅली या भागात गेलं. तंत्रज्ञाची नोकरी केली, निवृत्त झाले. १९९२ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांना फ्लूसारखं दुखणं झालं आणि पाहता पाहता ते विकोपाला गेलं. निदान निघालं हर्पीज सिम्प्लेक्स विषाणूमुळे झालेल्या मेंदूज्वराचं.

ताप उतरला. ई.पी. उठून बसले, चालू लागले, पूर्वीसारखे हसून बोलू लागले. बाहेरच्या माणसाला वाटावं, मोठ्या दुखण्यातून सुखरूप उठले. पण त्यानंतर २००८ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत जे जे घडलं, त्यातलं काहीही त्यांच्या आठवणीत राहिलं नाही. ही सोळा वर्षं त्यांनी पत्नीच्या सोबतीने, बऱ्यापैकी आनंदात काढली. त्यांतली चौदा वर्षं सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले लॅरी स्क्वायर आणि त्यांचे सहकारी ई.पी. यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेत होते. विषाणूने मेंदूवर दीर्घकाळ टिकणारा घाव घातला तर नेमकं काय जातं आणि काय राहतं, याचा इतका बारीक हिशेब फार थोड्या रुग्णांच्या बाबतीत मांडला गेलाय.

विषाणू कुठला, आणि त्याने तीच जागा का धरली

आपल्याकडे अशा दुखण्याला "ताप मेंदूत गेला" म्हणतात. बोलायला ठीक, पण त्यामुळे अशी समजूत होते की अंगातली उष्णता चढत चढत डोक्यात पोचली. ताप हे नुसतं लक्षण. नुकसान करतो तो विषाणू, आणि त्याच्याशी झुंजताना मेंदूला येणारी सूज.

हर्पीज सिम्प्लेक्स हा काही दूरदेशीचा विषाणू नाही. तापानंतर ओठाच्या कडेला फोडांचा जो पुंजका उठतो, तो बहुतेक वेळा याचाच. पन्नाशीच्या आतल्या लोकांत, जगभरात धरलं तर, दर तिघांमागे साधारण दोघांच्या अंगात तो असतो. (नागीण वेगळी. ती याच घराण्यातल्या दुसऱ्या विषाणूची, कांजिण्यांच्या. नावात हर्पीज आलं की रुग्णाचे नातेवाईक हमखास नागिणीच्या आठवणी काढतात, म्हणून इथेच सांगून टाकतो.) एकदा शिरला की हा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेच्या गाठीत दडून बसतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. मेंदूपर्यंत जाण्याचं प्रमाण अगदी कमी, वर्षाला दहा लाखांत दोन ते चार जण. पण गेला तर तो सहसा मेंदूभर पसरत नाही. कानशिलांच्या आतल्या बाजूचा टेम्पोरल लोब आणि कपाळामागचा, डोळ्यांच्या खोबणीवरचा भाग, या जागा त्याच्या ठरलेल्या. टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेले पट्टे आहेत. रोज घडणाऱ्या गोष्टींची आठवण तयार होते ती तिथे.

असायक्लोव्हिर हे औषध येण्यापूर्वी या मेंदूज्वरात दहातले सात रुग्ण दगावत. १९८० च्या दशकातल्या चाचण्यांत हे औषध देऊन मृत्यूंचं प्रमाण वीस ते तीस टक्क्यांपर्यंत खाली आलं. त्यामागच्या संशोधनातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. आज शिस्त अशी की पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं की रिपोर्टची वाट न पाहता असायक्लोव्हिरची सलाईन लावायची आणि दोन ते तीन आठवडे चालू ठेवायची. उशिराचा प्रत्येक दिवस महागात पडतो. औषध विषाणूची वाढ थांबवतं, पण तोवर मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत. म्हणजे औषधाने एक नवाच गट तयार केला: जे पूर्वी वाचले नसते, आता वाचतात, आणि ज्यांच्या स्मरणाला कायमचं भगदाड पडलेलं असतं. ई.पी. त्यांतले.

महाराष्ट्रात मेंदूज्वर म्हटलं की आधी विदर्भातली लहान मुलं डोळ्यांसमोर येतात. डासांमुळे पसरणारा जपानी मेंदूज्वर आणि वाळूमाशीमुळे पसरणारा चंडीपुरा. हा दुसरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चंडीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला सापडला आणि गावाचं नाव जगभर झालं. ते विषाणू निराळे, मेंदूतल्या त्यांच्या जागाही निराळ्या, त्यामुळे ई.पी. यांच्यावरून त्या मुलांबद्दल सरसकट काही म्हणता येणार नाही. एक गोष्ट मात्र सारखी: डिस्चार्ज कार्डावर "रुग्ण बरा" असं लिहिलेलं असतं आणि घरी गेल्यावर कळतं की पोर पहिल्यासारखं राहिलं नाही.

तपासणीत काय दिसलं

ई.पी. यांच्याशी पाच मिनिटं गप्पा मारल्या तर काही खुपत नसे. बुद्धिमत्तेच्या चाचणीत गुण सर्वसाधारण. ओळीने आकडे ऐकवून लगेच म्हणायला सांगितले तर समवयस्कांइतकेच म्हणत. स्वभाव गोड, विनोदाला हजर. वस्तूंची नावं मात्र अधूनमधून अडायची.

मग समोरचा माणूस पाणी प्यायला आत जाऊन परत आला, की पुन्हा पहिल्यापासून ओळख. चाचण्या घ्यायला घरी येणारी माणसं वर्षानुवर्षं तीच होती, पण ई.पी. दर वेळी दारात त्यांचं नव्या पाहुण्यासारखं स्वागत करत. आवडीचा किस्सा एकाच बैठकीत पुन्हा पुन्हा रंगवून सांगत. सांगून झालाय हे ठाऊक नसल्यामुळे त्यांना कंटाळाही येत नसे.

आकड्यांत सांगायचं तर, आधी शब्दांची यादी दाखवायची, नंतर एकेक शब्द पुढे करून "हा मघाशी होता का" असं विचारायचं. अशा ४२ वेगवेगळ्या चाचण्यांत ई.पी. यांची बरोबर उत्तरं सरासरी ४९ टक्क्यांच्या आसपास आली. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी पन्नास आली असती. त्याच वयाच्या निरोगी लोकांचे ऐंशीच्या पुढे होते. विस्मरणाच्या बहुतेक रुग्णांत काहीतरी धूसर शिल्लक असतं, "कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय" एवढं तरी. इथे तेही नव्हतं.

पण याच ई.पी. यांना आधी दाखवलेला शब्द पडद्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत चमकवला, तर तो त्यांना नव्या शब्दापेक्षा सहज वाचता येई, आणि निरोगी माणसांना जेवढा फायदा होतो तेवढाच होई. शब्द पाहिल्याचा माग मेंदूत कुठेतरी राहिलेला असायचा. "पाहिला होता का" असं विचारलं की मात्र पाटी कोरी.

विस्मरणाच्या अभ्यासात एच.एम. म्हणजेच हेन्री मोलेसन यांचं नाव सगळ्यात गाजलेलं. १९५३ मध्ये फेफरं थांबवण्यासाठी सर्जनने त्यांच्या मेंदूचा साधारण हाच भाग दोन्ही बाजूंनी काढून टाकला आणि ते नवीन आठवणींना मुकले. पण सर्जनच्या सुरीने हिप्पोकॅम्पसची मागची बाजू थोडी राखली होती. विषाणूने ई.पी. यांच्याबाबत जवळजवळ काहीच राखलं नाही. आणि एच.एम. सत्तावीस वर्षांचे होते, ई.पी. सत्तर. सत्तर वर्षांच्या आठवणींचा साठा गाठीशी असलेला माणूस असल्यामुळे त्यांच्याबाबत एक वेगळाच प्रश्न विचारता आला: जुनं कुठवर शाबूत आहे?

हेवर्डचे रस्ते

आजाराच्या आधीची काही दशकंही ई.पी. यांच्या हातून निसटली होती. त्या काळातल्या घडामोडी, माणसं यांबद्दल विचारलं तर उत्तरं तुटक येत. पण बालपण आणि तरुणपण लख्ख. ते किती लख्ख आहे हे तपासायला एडमंड टेंग आणि स्क्वायर यांनी १९९९ मध्ये एक साधी, फार हुशार युक्ती केली. ई.पी. यांना त्यांच्या जुन्या गावाचे रस्ते विचारले.

हेवर्ड-कॅस्ट्रो व्हॅलीतून ते ऐन तरुणपणी बाहेर पडले होते, म्हणजे चाचणीच्या वेळी मध्ये चार दशकांहून अधिक काळ गेलेला. तुलनेला त्याच भागात वाढलेले आणि नंतर दुसरीकडे गेलेले समवयस्क घेतले. घरापासून ओळखीच्या एखाद्या ठिकाणी कसं जाल? ज्या दोन ठिकाणांमध्ये सहसा थेट जाणं होत नाही, त्यांच्यामधून कसं जाल? डोळ्यांसमोर एका जागी उभे आहात असं समजा आणि बोटाने दाखवा, अमुक जागा कुठल्या बाजूला? ई.पी. यांची उत्तरं बाकीच्यांच्या तोडीस तोड.

त्यांतला एक प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नेहमीचा रस्ता बंद आहे, आता कसं जाल? या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर चालत नाही. गावाचा नकाशा मनात उलगडावा लागतो, एक रेघ पुसून दुसरी शोधावी लागते. हिप्पोकॅम्पस नसलेल्या ई.पी. यांनी ते केलं. याचा अर्थ, आठवण तयार करायला ती जागा लागते, पण पुरेसा काळ लोटला की आठवण तिथून उठून मेंदूच्या बाहेरच्या थरांत कायमची राहायला जाते.

मग त्यांना त्यांच्या सध्याच्या वस्तीबद्दल तेच विचारलं. आजारपणानंतर, १९९३ मध्ये, ते सॅन डिएगोजवळ राहायला आले होते आणि चाचणीपर्यंत तिथे कित्येक वर्षं झाली होती. एकही रस्ता सांगता आला नाही.

तरीही ते एकटे फिरायला जात. पत्नीबरोबर रोज ठरावीक फेरी मारून मारून पुढे ती फेरी त्यांना एकट्याने जमू लागली आणि ते बिनचूक घरी परतत. वाटेत थांबवून "तुमचं घर कुठलं" विचारलं तर सांगता येत नसे, आणि पाय मात्र नेमक्या दारात नेऊन उभे करत. वाटेत काही बदललं, रस्त्याचं काम निघालं, तर चुकत. हेवर्डमध्ये रस्ता बंद आहे म्हटलं की दुसरा सांगणारा माणूस स्वतःच्या गल्लीत खोदकाम दिसलं की अडकतो, या विसंगतीतच या प्रकरणाचं सगळं सार आहे. पुढच्या प्रयोगाने ते पक्कं झालं.

सोळा वस्तू

पीटर बेली, जेनिफर फ्रॅसिनो आणि स्क्वायर यांनी हा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध केला. घरात इकडेतिकडे पडलेल्या असतात तशा सोळा किरकोळ वस्तू घ्यायच्या आणि त्यांच्या आठ जोड्या लावायच्या. प्रत्येक जोडीतली एक वस्तू "बरोबर", आणि ती कायम तीच राहणार. वस्तूच्या बुडाला "बरोबर" अशी चिठ्ठी. जोडी समोर आली की एक वस्तू निवडायची, उलटी करून पाहायची. एका बैठकीत अशा चाळीस खेपा, म्हणजे प्रत्येक जोडी पाच वेळा. आठवड्याला दोन बैठका.

निरोगी माणसाला हा खेळ दोन-तीन बैठकांत येतो, कारण तो सरळ पाठ करतो. गंमत म्हणजे हाच खेळ माकडांना दिला तर हिप्पोकॅम्पस काढलेली माकडंही तो धड असलेल्या माकडांइतक्याच वेगाने शिकतात. माकड तो सवयीने शिकतं, माणूस पाठांतराने. मग ज्या माणसाला पाठांतर शक्यच नाही तो काय करेल?

दर बैठकीच्या सुरुवातीला ई.पी. यांना विचारलं जाई, आज काय करायचंय ठाऊक आहे का? नाही. आधी कधी केलंय? नाही. कुठल्या वस्तू असतील? काही कल्पना नाही. मग पहिली जोडी समोर यायची. पहिल्या काही आठवड्यांत निवड अंदाजपंचे. मग हळूहळू आकडा सरकू लागला. छत्तीस बैठकांनंतर, म्हणजे चौदाशेहून जास्त खेपांनंतर, बरोबर उत्तरं ८५ टक्क्यांच्या घरात गेली. तरी बैठकीच्या सुरुवातीची उत्तरं तीच: काय करायचंय ठाऊक नाही, आधी कधी केलं नाही. आपण काही शिकलोय याचा पत्ता न लागता त्यांचं शिकून झालं होतं. कसं काय जमतं असं विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की याला आठवण म्हणता येणार नाही, वस्तूच जणू मी मी म्हणत पुढे येते आणि हात तिकडे जातो.

इथपर्यंतची हकीगत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते आणि ऐकणारा खूश होतो. पण मला महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा भाग. संशोधकांनी जोड्या मोडल्या. सोळाही वस्तू एकत्र मांडल्या आणि म्हणाले, यातल्या "बरोबर" असलेल्या एका बाजूला काढा. वस्तू त्याच, चिठ्ठ्याही त्याच. शेकडो वेळा ज्यांना हात घातला त्याच. ई.पी. यांची निवड कोसळली, पुन्हा नाणेफेक. निरोगी माणसाला मांडणी बदलल्याने काही फरक पडत नाही. पुन्हा जोड्या लावल्या, आणि हात पुन्हा बरोबर वस्तूकडे जाऊ लागला.

सवयीच्या शिकण्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका टेबलावर दिसतात. हे शिकणं मेंदूच्या खोल, मधल्या गाठींच्या, बेसल गँग्लियाच्या भरवशावर चालतं असं मानतात. ते टिकाऊ असतं, पण ज्या साच्यात शिकलं त्याच साच्यात चालतं. आठवण वाकवता येते, वेगळ्या कामाला जुंपता येते. सवय येत नाही.

"ओळखलंत का?"

आता थोडं आपल्या घराकडे. मेंदूज्वरातून उठलेल्या माणसाला भेटायला नातेवाईक येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं: "ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" प्रेमापोटीच असतं ते. रुग्ण ओशाळतो, चेहऱ्याकडे पाहतो, काहीतरी सांगायचं म्हणून "अरुण ना तू?" म्हणतो. सगळे हसतात, "अहो, हा विलास!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. आणि पुन्हा "अरुण".

हा हट्ट नव्हे, की मेंदू आणखी बिघडल्याची खूणही नव्हे. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये सोळा विस्मरणाच्या रुग्णांवर केलेला प्रयोग याच्या मुळाशी जातो. शब्दाची पहिली दोन अक्षरं सांगायची. एका पद्धतीत आधी अंदाज करायला लावायचं, चुकलं की बरोबर शब्द सांगायचा. दुसऱ्या पद्धतीत अंदाजाला वावच नाही, थेट शब्द सांगायचा आणि लिहून घ्यायचा. दुसऱ्या पद्धतीत रुग्ण ठळकपणे चांगले शिकले. कारण सोपं आहे. आपण चुकलो हे आपल्याला आठवतं, म्हणून चूक सुधारते. ज्याला चुकल्याचं आठवतच नाही, त्याच्या मेंदूत उरते फक्त सवय, आणि पहिला तोंडाला आलेला शब्दही सवयच लावून जातो. दर "ओळखलंत का?" अरुणला थोडा आणखी पक्का करतो.

म्हणून दारातून येतानाच म्हणावं, "काका, मी विलास, सुमनचा मोठा मुलगा." रोज, न कंटाळता, त्याच शब्दांत. परीक्षा घेऊ नये.

ई.पी. यांच्या सोळा वस्तूंची दुसरी बाजूही घरात उपयोगी पडते. ज्या गोष्टी शिकवायच्या त्या एकाच साच्यात शिकवाव्या आणि साचा मोडू नये. गोळ्यांचा डबा देवघराच्या शेजारच्या फळीवर, म्हणजे तिथेच. चष्मा टीव्हीवर, चावी दाराच्या खुंटीला, चप्पल त्याच कोपऱ्यात. सकाळी फिरायला जायचं तर त्याच गेटने बाहेर, त्याच दिशेने वळून. तीन महिन्यांनी जमू लागलं की घरच्यांना हुरूप येतो आणि दिवाळीच्या साफसफाईत फळीवरचा डबा "सोयीच्या" जागी हलतो. मग "इतकं शिकवलं, सगळं वाया गेलं" असं वाटतं. वाया गेलेलं नसतं. जोड्या मोडलेल्या असतात.

आणि एक, घरच्यांनी याकडे डोळेझाक करू नये. हर्पीजच्या मेंदूज्वरानंतर माणूस सुधारत असताना, सहसा पहिल्या दोन-तीन महिन्यांत, अचानक पुन्हा बिघडला, वेडंवाकडं वागू लागला, किंवा रुग्ण लहान मूल असेल आणि त्याच्या हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर "आजाराचा परिणाम आहे, चालायचंच" म्हणून गप्प बसणं चुकीचं. स्पेनमधल्या एका अभ्यासात अशा मेंदूज्वराच्या ५१ रुग्णांवर लक्ष ठेवलं. त्यांतल्या १४ जणांना नंतर वेगळाच मेंदूदाह झाला: विषाणू गेलेला, पण शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच चेतापेशींवर उलटलेली. त्यावर वेगळे उपचार आहेत आणि ते वेळेत करायचे असतात. असा रुग्ण न्यूरॉलॉजिस्टकडे लगेच परत न्यावा.

कोविडबद्दल, कारण ते विचारलं जातंच

ई.पी. यांची हकीगत सांगितली की कोणीतरी हमखास म्हणतं, कोविडनंतर माझंही असंच झालंय, खोलीत कशाला आलो तेच आठवत नाही. तसं नाही. ई.पी. यांना खोलीत आल्याचंच आठवत नसे. कोविडनंतरची तक्रार बहुतेक वेळा लक्ष न टिकण्याची, विचार संथ होण्याची, शब्द न सुचण्याची असते. दोन्हींना "विसराळूपणा" म्हटलं जातं म्हणून घोळ होतो.

पण परिणाम खोटाही नाही. ब्रिटनमध्ये योगायोगाने अशा काही लोकांचे मेंदूचे स्कॅन साथीच्या आधीच घेऊन ठेवलेले होते. ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांचे स्कॅन सरासरी तीन वर्षांच्या अंतराने पुन्हा घेतले, त्यांतल्या ४०१ जणांना मध्यंतरी कोविड झालेला. झालेल्यांत कपाळामागच्या आणि हिप्पोकॅम्पसला लागूनच्या थरांची झीज इतरांपेक्षा किंचित जास्त दिसली. बहुतेकांना सौम्यच आजार झाला होता. जागा वाचून हर्पीजची आठवण होते, पण फरक झिजेच्या प्रमाणाचा आहे: अर्धा-एक टक्का इकडेतिकडे, ई.पी. यांच्यात सगळंच गेलेलं. २०२४ मध्ये आलेल्या, लाखभराहून जास्त लोकांच्या ऑनलाइन चाचण्यांच्या अभ्यासात, आजार होऊन पूर्ण बरं वाटणाऱ्यांच्या गुणांत सुमारे तीन आयक्यू गुणांएवढी घट दिसली, लक्षणं सरलीच नाहीत त्यांच्यात सहा, आणि आयसीयूत राहून आलेल्यांत नऊच्या आसपास. एखाद्या माणसाला तीन गुण जाणवतीलच असं नाही. हिशेबाचं, शिकवण्याचं, गाडी चालवण्याचं काम करणाऱ्याला मात्र सहा गुण पुरेसे बोचतात. अशांना ई.पी. यांच्यासाठीचे उपाय लागत नाहीत. त्यांना झोप, कामाचे छोटे तुकडे आणि डोक्याला दमवणाऱ्या कामानंतर विश्रांती यांची गरज असते, आणि "मनाचे खेळ आहेत" असं कोणी न म्हणण्याची.

मेंदू उघडल्यावर

२००८ मध्ये ई.पी. गेले. घरच्यांनी मेंदू संशोधनासाठी दिला होता. त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. एमआरआयवर अंदाज होता तेच दिसलं, फक्त अधिक स्वच्छ. दोन्ही बाजूंनी, जवळपास आरशातल्यासारखं सारखं: टेम्पोरल लोबचं टोक, अमिग्डला (भावनांशी जोडलेली गाठ), हिप्पोकॅम्पस, त्याला वेढणारे पट्टे, जवळपास सगळं नष्ट. नवीन काही न टिकण्याचं कारण तिथेच होतं.

पण घाव बाजूलाही पसरला होता. टेम्पोरल लोबच्या बाहेरच्या वळ्या आक्रसल्या होत्या. ई.पी. यांना वस्तूंची नावं अडायची, काही शब्दांचे अर्थ धूसर झाले होते, ते या बाहेरच्या भागामुळे असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. गेलेल्या दशकांच्या आठवणींतही त्या भागाचा हात असावा. सोळा वर्षं घरात "विसरतात" या एकाच शब्दात बसवलेल्या दोन तक्रारी, शब्द न आठवणं आणि सकाळ न आठवणं, मेंदूच्या दोन वेगळ्या जागांवरून येत होत्या.